बत्तिशीचं टेबल

वाचनालयाच्या हॉलमध्ये बैठक चालू होती आणि भोंगा गप्प बसली होती. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट होती, पण ती जेमतेम सात मिनिटं टिकली.

भोंगा म्हणजे दहावीतली मुलगी. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीलासुद्धा इतकं हळू 'हजर' म्हणायची की वर्गात बसलेली असताना दोनदा गैरहजर लागली होती. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी जिचा नंबर होता ती मुलगी तापाने पडली, बाईंनी हाताला लागेल तिला स्टेजवर ढकललं आणि हाताला लागली ही. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून तिच्या तोंडाचं जे कुलूप उघडलं, त्याची किल्ली कुणालाच सापडली नाही. 'भोंगा' हे नाव आत्याने ठेवलं आणि गल्लीने ते बिनविरोध मंजूर केलं.

बैठकीचा विषय होता 'आपल्या गल्लीतली कला'. रविवारी प्रदर्शन, प्रत्येक गल्लीला एक टेबल. मागच्या गल्लीत तर कलाकारांचं पीकच आलं होतं: मातीची भांडी करणाऱ्या बाई, गिटारचे सर आणि एक निवृत्त इंजिनिअर, जे फक्त धबधबे रंगवायचे.

"तुमच्या गल्लीचं टेबल मी मागच्या गल्लीला देऊन टाकते," ग्रंथपाल बाई यादीवर पेन टेकवत म्हणाल्या. "तुमच्याकडे तसं कुणी नाही. आणि यांचे धबधबे एका टेबलावर मावत नाहीत."

"आमच्याकडे आहे कलाकार," भोंगा उभी राहिली.

"कोण?"

"रविवारी कळेल."

हे बोलल्यावर ती अगदी ऐटीत खाली बसली. घरी जाताना, पंक्चरच्या दुकानापाशी, तिच्या लक्षात आलं की रविवारी कळेल ते तिलाही रविवारीच कळणार होतं.

गल्लीत होतं काय? पंक्चरचं दुकान, लॉंड्री, औषधाचं दुकान, झेरॉक्स आणि शेवटी एक निळं दार, ज्यावर नुसतं 'लॅब' लिहिलं होतं. तिथे रक्त तपासतात, असा भोंग्याचा लहानपणापासूनचा समज होता. त्यामुळे ती तिथून जाताना दंड झाकून जायची.

तिने शोध सुरू केला. पंक्चरवाल्याने आपण शिट्टीवर पाच गाणी वाजवतो असं सांगितलं आणि पाचही एकाच चालीत वाजवली. लॉंड्रीवाले मामा तर तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच हसायला लागले. त्यांची ती जुनी सवय.

"इस्त्री म्हणजे कला नाही तर काय? ही बाही बघ."

"टेबलावर काय ठेवू मामा, बाही?"

"बाही ठेव. मी शेजारी उभा राहतो."

झेरॉक्सदादाने मान वर न करताच उत्तर दिलं. "माझ्याकडे जे असतं ते सगळं दुसऱ्याचंच असतं गं." तो मोजकंच बोलायचा. तिशी ओलांडलेला, शांत आणि सध्या गल्लीच्या चर्चेतला पहिल्या क्रमांकाचा विषय, कारण ग्रंथपाल बाईंच्या भाचीशी त्याचं जुळत आलं होतं. प्रदर्शनानंतरच्या बुधवारी दोघं पहिल्यांदा एकटे भेटणार होते, हे त्या दोघांखेरीज पंक्चरवाल्यालाही माहीत होतं.

शुक्रवार उजाडला तरी कलाकार नव्हता. त्यात घरात आत्या बोलायची बंद झाली. ही भोंग्याच्या बाबांची मोठी बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली. आजवर तिचं हसू तीन मजले वर ऐकू जायचं. आज तिने कागदावर 'घसा बसला' असं लिहून तो कागद साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. घरातल्यांना काळजी वाटायला हवी होती, पण सगळे निवांत चहा पीत होते.

आई कामाला गेल्यावर आत्याने भोंग्याला बाथरूममध्ये ओढलं, आतून कडी लावली आणि रुमाल उघडला. रुमालात अख्खी वरची दातांची रांग होती. दोन तुकड्यांत.

"हे काय आहे?"

"माझे दात," आत्या म्हणाली. वरच्या ओठाखाली काहीच नसल्यामुळे ते कसंबसंच बाहेर पडलं. "बेशिनमध्ये पलले. निल्या दालात जा. कुनाला शांगशील तल याद लाख."

पंधरा वर्षं एका घरात राहून, एकाच खोलीत झोपून भोंग्याला पत्ता नव्हता. ती रुमाल मुठीत धरून निघाली, आणि निळ्या दारापाशी सवयीने दंड झाकला.

आत रक्त नव्हतं. आत जबडे होते. भिंतीवर फळ्याच फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या प्लॅस्टरचे जबडे, वरचे वरती, खालचे खालती, एखाद्या वर्गाचा फोटो काढायला उभे केल्यासारखे. टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि त्यावर बारीक सुरी तापवत बसलेले पन्नाशीचे लॅबवाले काका. कपाळावर भिंग. त्यांचे स्वतःचे पुढचे दोन दात मात्र एकमेकांशी भांडून तोंड फिरवून बसलेले.

त्यांनी रुमालात नुसतं डोकावून पाहिलं. "बेसिनमध्ये पडले?"

"तुम्हाला कसं कळलं? आणि हे कुणाचे आहेत ते मी अजून सांगितलंच नाही."

"सांगू नकोस. तासाभराने ये."

"थांबले तर चालेल?"

"बोलणार नसशील तर."

ती चक्क अकरा मिनिटं बोलली नाही. काका आधी हातातलं दुसऱ्याच कुणाचं तरी काम पुरं करत होते, गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवत. सुरी दिव्यावर धरायची, मेण जरासं सैल करायचं, दात केसभर वळवायचा, भिंगातून बघायचं, परत सुरी.

"तो वाकडा लागला," शेवटी तिला राहवलं नाही.

"लागला नाही. लावला." काकांनी मान वर केली नाही. "सगळे दात सरळ लावले की माणूस हसत नाही, शटर उघडल्यासारखं दिसतं. याचा हा दात आधी वाकडाच होता. फोटो मागून घेतला, भिंगाखाली बघितला. दाढांना थोडा चहाचा रंगही दिला. इतकी वर्षं चहा पिणाऱ्याच्या तोंडात दुधासारखे दात बसवले तर बायको ओळखायची नाही."

मग तिने विचारायला सुरुवात केली, आणि काकांना बहुधा लॅब उघडल्यापासून अठरा वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवतात, पुढचं सगळं याच खोलीत. मेणाचा कच्चा जोड झाला की माणसाला मागच्या दाराने बोलवायचं, तोंडात घालून साठ ते सत्तर मोजायला लावायचं. सहासष्टला शिट्टी वाजली तर दात आत घ्यायचा. त्यानंतर विनोद सांगायचा. कारण हसताना ओठ किती वर जातो, त्यावर हिरडीची उंची ठरते.

"कुठला विनोद?"

"साधारणच लागतो. फार चांगला असला की माणूस घशापर्यंत तोंड फाकवतो, माप चुकतं. वाईट असला की नुसतं मला वाईट वाटू नये म्हणून हसतो, तेही माप खोटं." त्यांनी खणातून वही काढून दाखवली. साधारण विनोदांची वही. भोंग्याने दोन वाचले. अगदी साधारण होते.

बसायला जागा शोधताना तिच्या हाताला एक बिस्किटांचा डबा लागला. तिने झाकण उघडलं, तर डबा तिच्याकडे बघून हसला.

आत दातांचे जोड होते, प्रत्येक मऊ कापडात. शेजारच्या डब्यातही तेच.

"हे काय, लोक घ्यायला येत नाहीत?"

"ते घेऊन गेले. मी प्रत्येकाचे दोन करतो. एक तोंडात जातो, एक इथे राहतो."

"मोडला तर द्यायला?"

"मोडला तर मोडलेला दुरुस्त करतो. हा कुणाला देत नाही."

"मग कशाला करता?"

काका बराच वेळ भिंग पुसत राहिले. भिंग स्वच्छच होतं. "चांगला झालेला दात दिसतच नाही," ते म्हणाले. "दिसला म्हणजे बिघडला. म्हणून एक आपला, बघायला."

भोंग्याच्या अंगावर काटा आला. याची तीन कारणं होती. एक म्हणजे, तिने आजवर ऐकलेलं हे सगळ्यात भारी वाक्य होतं. दुसरं म्हणजे, तिला कलाकार सापडला होता. तिसरं कारण पंखा.

काका नाहीच म्हणाले. सरळ नाही म्हणाले, मग फिरवून नाही म्हणाले. "गल्लीत कुणाच्या तोंडात काय आहे ते डॉक्टरला आणि मला माहीत. तिसऱ्याला कळलं तर या दारातून कुणी आत येणार नाही. लोक इथे मागच्या दाराने येतात, ते काय हवा खायला?"

"नावं नाही लिहायची. नुसते नंबर. दात बघून कोण ओळखतं काका? मी एका खोलीत झोपून माझ्या आत्याला ओळखलं नाही."

काका थांबले. तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं, पण ते हरले त्याचं कारण ती नव्हती. ते डब्याकडे बघत होते.

"एक नाव फुटलं," ते म्हणाले, "तरी मला कुलूप लावून दुसरं गाव बघावं लागेल. धमकी देत नाहीये. लोकच लावायला लावतील."

"एकही फुटणार नाही. माझा शब्द."

शनिवारी तिने अकरा जोड निवडून काळ्या कापडावर मांडून पाहिले. दवाखान्यासारखं दिसत होतं. म्हणून तिने एक शक्कल लढवली. प्रत्येक जोडाखाली एक चिठ्ठी, त्यावर नाव नाही, वय नाही, फक्त ते माणूस कसं हसतं एवढंच. काका सांगत गेले, ती लिहीत गेली. काकांना अकराच्या अकरा हसणी पाठ होती. सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. चिठ्ठ्या अप्रतिम उतरल्या, आणि काकांनी दोनदा वाचून मान डोलावली. त्या इतक्या चांगल्या का आहेत, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. काका अठरा वर्षं कुणाशी न बोलता बसलेले आणि ती वर्षभर न थांबता बोललेली, त्यामुळे लोक ऐकतात कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रविवारी दहाला हॉल भरला. मागच्या गल्लीचे धबधबे दोन टेबलांवरून वाहत होते, तरी गर्दी वळली ती दातांकडे. काका भिंतीला चिकटून उभे, नवा शर्ट, इस्त्री कडक.

पहिला मान औषधाच्या दुकानातल्या आजींचा. दुकान मुलगा चालवायचा, पण कुणाला काय झालंय ते सांगायचं काम आजींकडे होतं. त्यांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "नंबर दोन. 'समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुरू होणारं आणि आपणच काय म्हणालो ते आठवून पुन्हा सुरू होणारं हसू.'"

मग पंचवीस माना एकदम लॉंड्रीवाल्या मामांकडे वळल्या. मामा नेमके तेव्हाच हसले, आणि मग आठवून पुन्हा हसले.

"मामा, तुमचे?" पंक्चरवाला म्हणाला.

"छे. काहीतरीच काय." मामांनी तोंडावर हात ठेवला. आजवर त्यांनी तो कधी ठेवला नव्हता.

भोंग्याने भिंतीकडे पाहिलं. काकांचा चेहरा प्लॅस्टरच्या रंगाचा झाला होता. ती चिठ्ठ्या गोळा करायला धावली, पण आजी पुढे गेल्या होत्या. "नंबर पाच. 'जिन्यात सुरू होऊन गच्चीवर संपणारं. ऐकणाऱ्याला आधी राग येतो, मग तोही हसतो.'"

"हे चूक आहे," गर्दीतून आवाज आला. आत्या होती, नव्याने सांधलेल्या दातांसकट. "राग कुणाला येतो माझ्या हसण्याचा?"

आत्या काय बोलून गेली ते आत्यालाही त्याच क्षणी कळलं. ती लाल झाली, जांभळी झाली, मग तिने टेबलावरचा जोड उचलून उजेडात धरला. दुसरा दात शेजारच्यावर अर्धा चढलेला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हा तर माझा पोस्टातल्या सहलीच्या फोटोतला दात." तिने भिंतीकडे बघितलं. "मला वाटायचं माझ्याच हिरडीला सवय म्हणून तो वाकडा बसला. तुम्ही मुद्दाम केलात?"

काकांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते त्यांनाच माहीत.

"आहेत माझे खोटे दात," आत्या हॉलला म्हणाली. "नऊ वर्षं झाली. कुणाला काही विचारायचंय?"

कुणाला काही विचारायचं नव्हतं, पण मामांना सांगायचं होतं. आत्याच्या दातांकडे लोक एवढे कौतुकाने बघतायत हे त्यांना सहन होईना. "माझ्यात तर सोन्याची टोपी आहे मागे. बघा, नंबर दोन. हुबेहूब केलीय." मग धबधबेवाले इंजिनिअर पुढे आले आणि म्हणाले की नंबर आठ हे आपले, पण आपलं हसू 'दबकं' असं लिहिलंय ते काढून 'संयत' करावं. पाहता पाहता अकरापैकी दहा जोडांना मालक मिळाले. लोक एकमेकांना जबडे दाखवू लागले. काकांना कुणीतरी खुर्ची दिली. त्यांच्या चेहऱ्याला रंग परत येत होता.

"आणि हा अकरा नंबर कुणाचा?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

अकरा नंबर टेबलाच्या टोकाला होता. पुढचे चारच दात, तारेच्या आधाराने. बाईंनी चिठ्ठी वाचली. "'हसण्याआधी वरचा ओठ खाली ओढून घेणारं. हसतं कमी, ऐकतं जास्त.' छान लिहिलंय गं. कोण आहे हा?"

भोंग्यालाही माहीत नव्हतं. काकांनी तिला नाव सांगितलं नव्हतं. पण तिने वर पाहिलं, आणि टेबलाच्या पलीकडे झेरॉक्सदादा उभा होता, वरचा ओठ खाली ओढून. त्याच्या शेजारी बाईंची भाची, चिठ्ठीकडे बघून हसत असलेली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

दादाने भोंग्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं.

"बुधवारी सांगणार होतो," तो ओठ न हलवता पुटपुटला. ते फक्त भोंग्याला ऐकू गेलं.

"चार दात म्हणजे अपघात," आजी निदान करत होत्या. "मोटारसायकल. पुरुष असणार. तरुण. कमी बोलणारा." त्यांचा चष्मा माणसांवरून फिरायला लागला. पंक्चरवाल्यावरून गेला. इंजिनिअरवरून गेला. काका खुर्चीतून अर्धे उठले होते आणि तसेच अर्धे राहिले होते.

"माझे आहेत," भोंगा म्हणाली.

आजींचा चष्मा थांबला. "तुझे?"

"सायकलवरून पडले होते. चौथीत."

"पण यात लिहिलंय हसतं कमी, ऐकतं जास्त," बाई म्हणाल्या. "तू?"

हॉलमध्ये खसखस पिकली. पंधरा वर्षांची मुलगी, खोटे दात, उद्या शाळेत काय होईल ते सगळं भोंग्याला एका दमात दिसलं. तिने आत्याकडे पाहिलं.

आत्याने एकदा भोंग्याकडे पाहिलं, एकदा टेबलापलीकडे. पोस्टात बत्तीस वर्षं काढलेली बाई ती, बंद पाकिटं तिला चांगली कळत.

"ते जुनं हसू आहे तिचं," आत्या म्हणाली. "गेल्या वर्षापर्यंत अशीच होती की. तोंडातून शब्द फुटायचा नाही. आम्ही लपवून ठेवलं होतं, मुलीची जात म्हणून. आता तीच सांगतेय तर सांगू दे. नाकसुद्धा तेव्हाच बसलं तिचं."

नाकाची गरज नव्हती असं भोंग्याचं मत पडलं, पण लोकांना पटलं ते नाकामुळेच. झेरॉक्सदादाने श्वास सोडला. बाईंच्या भाचीने त्याला काहीतरी विचारलं आणि तो तिच्याबरोबर धबधब्यांकडे गेला.

आजी मात्र हलल्या नाहीत. "बघू. तोंड उघड."

भोंग्याने तोंड उघडलं. आजींनी अंगठा आणि बोट घालून तिचे पुढचे दात धरले आणि चांगले गदागदा हलवून बघितले. मग इंजिनिअर वाकले. मग मामा. मग बाईंनी मोबाइलचा टॉर्च लावला.

"हलत नाहीत सुद्धा," आजी म्हणाल्या. "हिरडी बघा कशी जुळवलीय. मी म्हणते बाकीचे दहा बाजूला ठेवा, कला म्हणतात ती ही. लॅबवाले, माझे काढायचेच झालेत. मला डिट्टो असेच करून द्या."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. काका गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं, भोंग्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि बराच वेळ निरखून पाहिलं. ज्या कामाला हात लावला नाही त्याचं कौतुक घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"हे काही माझं चांगलं काम नाही," ते म्हणाले. "डावा सुळा बघा. फार टोकदार राहिलाय. आत्ता केला असता तर घासला असता."

सगळ्यांनी वाकून सुळा बघितला आणि माना डोलावल्या. भोंग्याला यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण आजींची बोटं अजून तिच्या तोंडात होती.